रिकाम्या कौलाचा एक

परवा चर्चमध्ये फादर म्हणाले, दिवंगत अवेरो ओशुंतुयी ही एक शांत, नम्र शिक्षिका होती. मी तिसऱ्या बाकावर होते. शेजारच्या बाईने माझा हात दाबून धरला नसता तर मी उभी राहून बोलले असते. शांत? अवेरोच्या आवाजाने शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आणि नम्र म्हणाल तर ती गुडघे टेकून प्रार्थना करतानासुद्धा कपाळाला आठ्या घालून बसे, जणू देवाशी तिचं जुनं भांडण होतं आणि ते तिच्याकडून अजून मिटलं नव्हतं.

शाळेला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतायत. स्मरणिका निघणार आहे. समितीच्या अध्यक्षा चीफ मिसेस रेमिलेकुन यांनी ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली: "मामा, अवेरो मिसवर दोन पानं द्या. गोड लिहा. कवड्यांचं काही नको." सोबत समारंभाचा कागद होता. त्यात लिहिलंय की जुन्या वर्गाच्या भिंतीवर बिशपसाहेबांच्या हस्ते पितळी पाटी लागणार: "या शाळेतील उच्च गणिताचे जनक, मिस्टर लाजिदे."

तो कागद मी दोनदा वाचला आणि चहा गार होऊ दिला. मी शिवण शिकवायचे. गणितातलं मला जे कळतं ते भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. पण त्या वर्गाचा बाप कोण, आई कोण, एवढं मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा गोड होणार नाही, आणि दोन पानांतही बसणार नाही.

अवेरोची आई ओढ्याकाठच्या घरात कौल लावायची. सोळा कवड्या, वेताची गोल परडी, आणि बाजाराच्या दिवशी दारात माणसांची रांग. कवड्या टाकायच्या, किती उताण्या पडल्या ते मोजायचं. एक उताणी पडली तर एक कौल, दोन पडल्या तर दुसरा, असं सोळापर्यंत. प्रत्येक कौलाला नाव, प्रत्येकाची गाणी. अवेरो लहानपणी आईच्या पाठीमागे बसून शेंगा सोलत सोलत ते ऐके. पुढे ननांनी तिला शाळेत घेतलं आणि अॅग्नेस नाव दिलं. त्या नावाला तिने कधी ओ दिली नाही. "अॅग्नेस कुठे आहे?" असं मदर कोलंबांनी विचारलं की म्हणायची, "मला भेटली तर पाठवते, मदर."

इबादानच्या कॉलेजातून ती गणित शिकून आली आणि आमच्याच शाळेत लागली. तेव्हा आमच्या शाळेत मुलींना गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि पडद्याला कापड किती लागेल, एवढंच होतं. उच्च गणिताचा पेपर फक्त मुलगे देत, तोही दुसऱ्या गावी जाऊन. अवेरोला तो वर्ग आपल्या मुलींसाठी हवा होता. तीन वर्षं ती मदर कोलंबांच्या मागे लागली. मदर आयरिश, उंच, करारी. त्या म्हणत, "मुलींना हिशेब पुरे आहे." ही म्हणे, "मग तुम्हाला प्रार्थनेची दोनच वाक्यं पुरायला हवी होती." अशी उत्तरं देऊनही तिला काढलं नाही, यावरून तिच्या शिकवण्याची कल्पना यावी.

तिची शिकवण्याची रीत अशी. नवं वर्ष सुरू झालं की आठव्या दिवशी ती बशीत मध, मीठ, कोलाचं फळ आणि पाणी घेऊन वर्गात यायची. आमच्याकडे बाळाचं नाव ठेवतात तसं ती वर्गाला एक संख्या ठेवायची. सगळ्या मुली जिभेला मध लावत, आणि मग वर्षभर त्या संख्येची कुळकथा शोधत बसत. शेवटी तिची ओरिकी रचायची. आमच्यात माणूस जन्मला की त्याची ओरिकी असतेच. कुणाचा कोण, कुणापुढे वाकत नाही, कुणाला आवरत नाही, हे सगळं त्यात गाऊन सांगतात. अवेरोचं म्हणणं, माणसाला आहे तर संख्येला का नको? ती तर माणसापेक्षा जास्त दिवस टिकते.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, आमच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी, तिने वरच्या वर्गाला संख्या दिली पासष्ट हजार पाचशे छत्तीस. का, तर सोळा कवड्या. प्रत्येक कवडी एक तर उताणी पडते नाहीतर पालथी. दोन गुणिले दोन असं सोळा वेळा केलं की ही संख्या येते. कवड्या पडण्याच्या एकूण तऱ्हा तेवढ्या.

माझा शिवणाचा वर्ग भिंतीला भिंत लागून होता. ते वर्ष मी असं ऐकलं:

"तीनाने भाग जातो?"

"नाही, मिस!"

"का नाही?"

"तीन त्या घरातला नाही, मिस!"

"मग कोण आहे त्या घरात?"

"दोन, मिस!"

"भिंती कशाच्या?"

"दोनाच्या!"

"छप्पर?"

"दोनाचं!"

"आणि न्हाणीघर?"

मुली हसून लोळायच्या. "दोनाचंच, मिस!"

"बरं. तिला भागणाऱ्या संख्या म्हणजे तिची पोरं. तिला स्वतःला सोडून किती?"

"सोळा, मिस. एक, दोन, चार, आठ, सोळा..."

"बेरीज?"

"पासष्ट हजार पाचशे पस्तीस."

"म्हणजे सगळी पोरं गोळा केली तरी आईएवढी होत नाहीत. कितीने उणी?"

"एकाने, मिस!"

"मग ही परिपूर्ण संख्या?"

"नाही!"

"वरचढ?"

"नाही!"

"मग?"

"उणी, मिस!"

"लाज वाटते का तिला?"

"नाही, मिस!" हे इतकं मोठ्याने की माझ्या मुलींच्या सुया थांबायच्या.

ओरिकी त्यांनी रचली ती मला अजून येते. आमच्या भाषेत तिला चाल आहे, इथे नुसते शब्द देते:

दोनाच्या एकाच घराण्याची,
तीनाला दार न उघडणारी, पाचाला अंगणात न घेणारी,
दोनशे छप्पन्नाचा चौरस, सोळाचा चौथा घात,
सगळी पोरं जमली तरी एकाने उणी, आणि तरी मान ताठ.
डाव्या हाताच्या शेजारणीकडे तीन, पाच, सतरा आणि दोनशे सत्तावन्न,
उजव्या हाताची शेजारीण मूळ संख्या, कुणात न वाटली जाणारी.
मधे उभी तू, पासष्ट हजार पाचशे छत्तीस.

डाव्या शेजारणीचे ते चार तुकडे मी एकदा दुपारी कापडाच्या खडूने गुणून पाहिले. बरोबर आहेत.

कवड्या अवेरोने आईकडून आणल्या. म्हातारी आधी भडकली. "माझ्या कवड्या शाळेत? तिथे रविवारी देवाला खातात म्हणे!" मग एक जुनी पिशवी शोधून दिली. "या घेऊन जा. म्हाताऱ्या झाल्यात, खोटं बोलतात. शाळेला चालतील."

चटईवर कवड्या टाकायच्या आणि वर्गवारी करायची. एकच उताणी पडण्याच्या तऱ्हा सोळा. दोन उताण्या पडण्याच्या एकशे वीस. तीन, पाचशे साठ. असं चढत चढत आठाला बारा हजार आठशे सत्तर, आणि मग तसंच उतरत उतरत शेवटी सगळ्या सोळा उताण्या पडण्याची एकच तऱ्हा. अशा सोळा वर्गांना मुलींनी घरच्या कौलांची नावं दिली होती. ती त्यांना तोंडपाठच होती. रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्यांच्या आज्यासुद्धा सोमवारी ओढ्याकाठी जातात, हे आमच्या गावात कुणी बोलून दाखवत नाही.

राहता राहिला एक वर्ग. एकही उताणी नाही, सगळ्या पालथ्या. आमच्या गावी कौलात तसं पडलं तर कौल लावणारी बाई एक शब्द बोलत नाही. कवड्या पदराने झाकते, उंबऱ्यावर पाणी टाकते आणि त्या दिवशी कुणाचं काही पाहत नाही. त्याला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस असेल किंवा बाई अडलेली असेल, तो तर त्या पडण्याकडे बघतही नाही.

अवेरोला हे ठाऊक होतं. ती त्याच घरातली. म्हणून ती काय करायची, तर मुली वर्गात यायच्या आधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने एक लिहून ठेवायची. रिकाम्या कौलाचा एक. मुली एकापासून सोळापर्यंतचे वर्ग मांडत आणि बेरजेला तो कोपऱ्यातला एक मुकाट्याने धरत. कुणालाही तोंड उघडावं लागत नसे. मी एकदा विचारलं, "अगं, त्यांनाच लिहू दे की." तर म्हणाली, "दुनी, मला त्यांच्याकडून गणित हवंय. आयांच्या शिव्या नकोत."

अखेर शिक्षण खात्याने इन्स्पेक्टर पाठवायचं कबूल केलं. तो वर्ग पाहून हो म्हणाला तर आमच्या मुलींना उच्च गणिताचा पेपर देता येणार. नाही म्हणाला तर तो तास कायमचा माझ्या शिवणाला जाणार. मला तो तास नको होता. बाह्या आणि कॉलर शिकवायला मला आठवड्यात पुरेसा वेळ होता.

आदल्या दिवशी मदर कोलंबा वर्ग बघायला आल्या. चटईवरच्या कवड्या पाहून म्हणाल्या, "मिस अॅग्नेस, या उद्या दिसता कामा नयेत."

"कवड्या आहेत, मदर. दात आहेत त्यांना, पण चावत नाहीत."

"आणि तो फळा स्वच्छ पुसून घ्या."

फळा सकाळी पुसला गेला. मदरनी स्वतः उभं राहून शिपायाकडून ओल्या फडक्याने पुसून घेतला. अवेरोला इन्स्पेक्टर येईपर्यंत ऑफिसात बसवून ठेवलं होतं.

इन्स्पेक्टर ओगुंसेये आमच्यापैकीच, योरुबा. विलायतेत शिकून आलेले. सूट, टाय, आणि त्या उन्हातही कोटाची तिन्ही बटणं लावलेली. बोलणं सगळं इंग्रजीतून. शिक्षिकेने मागे उभं राहायचं, एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम होता. मदर पुढे खुर्चीत होत्या, आणि मला पाण्याचा जग घेऊन मागच्या बाकावर बसवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं.

मुलींनी ओरिकी म्हटली. ओगुंसेये यांच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते रुमालाने पुसलं. मग विचारलं, "सोळा कवड्या. पडण्याच्या तऱ्हा किती?"

रेमिलेकुन उठली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. "पासष्ट हजार पाचशे छत्तीस, सर."

"उताण्या किती, त्याप्रमाणे वर्ग मांडून दाखव."

तिने एकापासून सुरुवात केली. सोळा, एकशे वीस, पाचशे साठ. अक्षर सुंदर होतं. सोळा वर्ग झाले. तिने वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा काळाभोर होता. तिचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिने खाली बेरीज लिहिली. पासष्ट हजार पाचशे पस्तीस.

"तू तर छत्तीस म्हणालीस. एक कुठे गेला?"

रेमिलेकुनने खडू मुठीत मिटला.

"कुणी सांगेल? कुणीही?"

तीस मुली आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. प्रत्येकीला ठाऊक होतं. मागे अवेरोने दोन्ही हात पाठीशी बांधले होते.

"पाठ केलेलं गाणं म्हणजे गणित नव्हे," असं म्हणून ओगुंसेये यांनी फाइल मिटली. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

ते गेल्यावर अवेरो वर्गावर जी तुटून पडली ती मी विसरणार नाही. "जिभा गळून पडल्या असत्या का? तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या ऑफिसाचे उंबरे झिजवले, आणि तुम्हाला एक 'एक' म्हणता आला नाही? रेमिलेकुन! तुझ्या हातात खडू होता की शेंगदाणा?"

रेमिलेकुन रडत म्हणाली, "मिस, माझी आई बाळंत व्हायचीय. आज-उद्याच. मी ते कसं लिहू?"

अवेरो खुर्चीत बसली. म्हणाली, "जा घरी. चूक माझी आहे. रोज मीच लिहीत होते. ते लिहिणं दुसऱ्याचं काम असतं, हे मीच शिकवलं तुम्हाला."

पण तिचा राग संपला नव्हता, त्याने फक्त दिशा बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. "चप्पल घाल. सरकारी बंगल्यावर जायचंय. मला साक्षीदार हवा."

"अगं, पण काय करणार आहेस?"

"उरलेला एक द्यायला चाललेय."

बंगल्याच्या व्हरांड्यात ओगुंसेये नाश्ता करत होते. पांढरं टेबलक्लॉथ, तळलेलं अंडं, चहाची किटली. मदर कोलंबा निरोप द्यायला आधीच येऊन बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. अवेरोने नमस्कारसुद्धा केला नाही. तिने पिशवी काढली आणि अंड्याच्या बशीशेजारी एकेक करून सोळा कवड्या मांडल्या. सगळ्या पालथ्या.

ओगुंसेये खुर्चीसकट मागे सरकले. त्यांनी उजवा हात डोक्याभोवती फिरवून बोटं चटकावली, आमच्याकडे अशुभ टाळायला करतात तसं, आणि शुद्ध गावच्या बोलीत ओरडले, "उचल! आधी उचल ते!"

"काय आहे ते सांगा, मग उचलते."

"बाई, सकाळची वेळ आहे, मला गाडीने लांब जायचंय, उचल म्हणतो ना!"

"काल मुलींना विचारत होतात ना, एक कुठे गेला? हा बघा. बशीला टेकून बसलाय. म्हणा 'एक'."

त्यांनी तोंड पडद्याकडे फिरवलं.

"नावात ओगुनसारखा लोखंडाचा देव मिरवता," अवेरो म्हणाली, "आणि सोळा म्हाताऱ्या कवड्यांना भिता? काल त्या पोरीची आई बाळंतपणाला टेकली होती. तुमच्या घरात कोण बाळंत व्हायचंय?"

मदर कोलंबांनी चष्मा लावला आणि टेबलावर वाकून पाहिलं. त्यांना त्या मांडणीत भिण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. "सोळा पालथ्या," त्या म्हणाल्या. "उताणी एकही नाही. असं पडण्याची तऱ्हा एकच. पस्तीसात एक मिळवला की छत्तीस. इतकं सोपं होतं? काल कुणीच का सांगितलं नाही?"

मी पायाखालच्या लाद्या बघत होते.

मदरनी माझ्याकडे पाहिलं, अवेरोकडे पाहिलं आणि शेवटी पडद्याकडे बघणाऱ्या त्या माणसाकडे. त्या हुशार होत्या, हे मी नाकारत नाही. "मिस्टर ओगुंसेये, तुम्हाला हे ठाऊक होतं."

"हा ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, मदर."

"जे तुम्हाला स्वतःला बोलता येत नाही, ते बोलल्या नाहीत म्हणून तुम्ही तीस मुलींना नापास करता?"

अवेरोने पहिल्यांदाच मदरकडे प्रेमाने पाहिलं. पहिल्यांदा आणि शेवटचं.

ओगुंसेये यांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं. मग पुन्हा इंग्रजीत शिरले. "वर्ग मंजूर करतो. मुली तयारीच्या आहेत. पण या बाईकडे नाही. मिशनच्या शाळेत परडीतल्या कवड्या घेऊन शिकवते, सरकारी पाहुण्याच्या टेबलावर हे असलं मांडते. इबादानहून मी माणूस पाठवीन. नाहीतर वर्ग नाही."

मी मदरकडे पाहिलं. नुकतंच इतकं बोललेल्या त्या बाईला अजून एकच वाक्य बोलायचं होतं. "ही शिकवेल, नाहीतर कुणीच नाही." तेवढं वाक्य. त्यांनी चहाच्या किटलीवरची टोपी नीट बसवली. त्या क्षणाबद्दल मी मदर कोलंबांना माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करणारही नाही. कवड्यांना न भिणं त्यांना फुकटात पडलं होतं. जिथे भीती होती तिथे त्याही किटलीकडेच बघत बसल्या.

"वर्ग मिळतो?" अवेरोने विचारलं.

"मिळतो."

"आत्ता लिहून द्या. माझ्यासमोर."

त्यांनी लिहिलं. सही होईपर्यंत कवड्या टेबलावरच होत्या आणि ओगुंसेये यांचा डावा हात कागदापेक्षा, त्या दिसू नयेत म्हणून, डोळ्यांच्या कडेवरच जास्त होता. मग अवेरोने एकेक कवडी उचलली, पुसली, पिशवीत टाकली. तिला घाई नव्हती. त्यांचं अंडं पार गार झालं.

परतताना ओढ्याच्या पुलावर ती म्हणाली, "दुनी, तुझ्या खोलीत माझी खुर्ची मावेल ना?"

रेमिलेकुनच्या आईला त्याच आठवड्यात जुळं झालं. दोन्ही पोरं धडधाकट. अवेरो म्हणाली, "बघ, दोनाचं घराणं."

पुढची सव्वीस वर्षं अवेरो माझ्या शिवणाच्या खोलीत बसून लहान मुलींना पाढे आणि धावदोरा शिकवत होती. धावदोरा तिला अजिबात येत नसे. पलीकडे मिस्टर लाजिदे. माणूस वाईट नव्हता. टापटीप, मृदू, पुस्तकातलं पुस्तकाप्रमाणे सांगणारा. अवेरोने फळ्यावर सोडलेली संख्या त्याने पुढे चालवली, कारण मुलीच ती सोडायला तयार नव्हत्या. कवड्या गेल्या, त्यांच्या जागी पुस्तकातली नाणी आली, पण मुली त्याच घरांतल्या. पहिल्या वर्षी वर्गवारीचा धडा आला तेव्हा त्यांनी एकापासून सुरुवात केली आणि लाजिदेंचं लक्ष खिडकीबाहेर होतं. इकडे अवेरोने कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि भिंतीवर दाणकन मारली.

"रिकामं धरलं का?"

पलीकडे खडू पडल्याचा आवाज आला. मिस्टर लाजिदे दारात आले. "मिस ओशुंतुयी, माझा वर्ग चालू आहे."

"ऐकू येतंय. एकाने कमी चालू आहे."

त्यानंतर दरवर्षी ते झालं. मुली मुद्दाम वाट बघायच्या. भिंतीवर दाण झालं की सगळ्या मिळून ओरडायच्या, "एक, मिस!" सगळ्या, ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं त्यासुद्धा. लाजिदे पुढे पुढे दाराशी येईनासे झाले. धड्याच्या दिवशी ते त्या भिंतीवरच्या फळ्यापासून लांब उभे राहत, एवढंच. माझ्या बाजूला त्या जागी गिलावा गेला आणि आतली लाल माती दिसायला लागली. अवेरो निवृत्त झाली त्या दिवशी मी म्हटलं, "आता तरी राग सोड." ती म्हणाली, "कशाला? दुसरं काय घेऊन जाऊ घरी?"

त्या वर्गातून किती मुली पुढे गेल्या ते समिती मोजेल, तिला आकड्यांची हौस आहे. रेमिलेकुन स्वतः पूल बांधते. पुलावर माणसांचं ओझं किती पडेल याचा विचार करताना ती रिकामा पूलसुद्धा धरत असेल. ते ती कुणाकडून शिकली ते तिला माहीत आहे. म्हणूनच "कवड्यांचं नको" हे तिने लिहिलं याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. त्या दिवशी फळ्यापाशी ती गप्प राहिली तेव्हा ती पोर होती आणि घरी आई अडलेली होती. आता कोण अडलंय, रेमिलेकुन? बिशप?

गेल्या सोमवारी रंगारी आले होते. पाटी लागायची म्हणून भिंत दोन्ही बाजूंनी रंगवायची होती. लाजिदेंच्या बाजूने त्यांना मी काही बोलले नाही. ते शिवणाच्या खोलीत शिरले तेव्हा मी खुर्ची त्या खड्ड्यासमोर ओढून बसले. मुकादम म्हणाला, "मामा, बाजूला व्हा, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "मला वेळच वेळ आहे." ते डबा घेऊन परत गेले.

हे लिखाण छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर याच ड्रायव्हरबरोबर परत पाठवा. पाटी हवी तर लावा. पितळ आणलंच आहे, फुकट जाऊ नये. पण समारंभाच्या दिवशी बिशपसाहेब पडदा बाजूला करतील आणि लाजिदेंचं नाव वाचतील तेव्हा भिंतीच्या पलीकडे मी बसलेली असेन. अवेरोची पट्टी माझ्याकडेच आहे.

इयादुनी